गोजरबाईचा धुतलेला बेल

या, जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. भिंत काही पडत नाही, आणि मला घसा फोडायचा नाही. एका बाईनं महादेवाला सतरा दिवस फसवलं आणि महादेवानं ब्र काढला नाही, त्याची गोष्ट सांगतो.

पोलीस ॲक्शनच्या दहा-बारा वर्षं आधीची, निजामाच्या राज्यातली ही हकिकत. घनसावंगीकडून जांबला जायच्या वाटेवर खडकवाडी नावाचं गाव. गावाबाहेर महादेवाचं देऊळ, देवळामागं पायऱ्यांची बारव, आणि बारवेच्या काठाला बेलाचं झाड. पंचक्रोशीत दुसरा बेल नव्हता. देवळाची सेवा गोजरबाई गुरवीण करायची. नवरा वारल्यावर गुरवकी बाईमाणसाकडं ठेवावी का, यावर गावानं दोन दिवस चर्चा केली. मग गाभाऱ्यातली वटवाघळांची घाण रोज कोण काढणार असा प्रश्न निघाला आणि चर्चा संपली.

गोजरबाई देवाशी बोलायची ती घरातल्या आळशी दिराशी बोलावं तशी. “सरक बाबा,” म्हणून पिंडीवर तांब्या उपडा करायची. पाऊस लांबला की, जटेत गंगा धरून बसलास आन् बारवेत बोट बुडंना, लाज न्हाई वाटत का, असं त्याला तोंडावर विचारायची. पण कीर्तन म्हटलं की बाई सगळ्यांच्या पुढं. दोन कोस चिखल तुडवून जायची. बाकीचं गाव कीर्तनात मान डोलवायचं, ही ऐकायची.

आता या झाडाला साडेसाती लागली ती भक्तीची.

कापडाचे व्यापारी हुकमचंद शेठ यांच्या सुनेला मुलगा झाला, म्हणून शेठाणी जमनाबाई बेलाची लाखोली बोलल्या. श्रावणभरात महादेवाला एक लाख पानं. धर्मराज पाटलांच्या दुर्गाबाईंना नातू आधीच होता, पण शेठाणीनं लाख वाहावा आणि पाटलिणीनं नुसते हात जोडावेत, हे कसं शोभेल? त्यांनीही लाख बोलला. कशासाठी, ते मागाहून ठरलं.

म्हणजे दोन लाख पानं, आणि झाड एक. पहिल्या श्रावणात गड्यांनी झाड ओरबाडलं. दुसऱ्या श्रावणात दोघी पुन्हा बोलल्या. तेव्हा शेंड्याकडची पानं हाताला येईनात, म्हणून पाटलांचे गडी कोयते घेऊन चढले आणि फांद्याच खाली टाकल्या. खाली दोन्ही घरच्या सुना मोजायला. तीन दळांचं एक पान, शंभर पानं झाली की एक गहू बाजूला. देवळात पिंड दिसेना एवढा बेल, आणि मागं झाड उघडंबोडकं, लग्न उरकल्यावरच्या मांडवासारखं. महिना संपला तसा तो सगळा बेल गोजरबाईनं टोपल्या भरभरून उकिरड्यावर नेला. पुण्य दोघींना मिळालं, पाला शेळ्यांना.

गोजरबाई कोवळ्या बेलफळांच्या चकत्या वाळवून ठेवायची. पोराला हगवण लागली की उगाळून गुळाबरोबर द्यायची. साऱ्या गावाची पोटं त्या झाडानं धरून ठेवली होती. पण ओरबाडलेल्या झाडाला फळ कुठून यायचं? त्या भादव्यात हगवणीची साथ आली. बाया लेकरं काखेत मारून देवळात आल्या, आणि गोजरबाईच्या फडताळात एक चकती नव्हती. अंबडचा दवाखाना दूर, वाटेत गुडघाभर चिखल. सोनूबाईचं तान्हं वाटेतच गेलं.

त्या दिवशी गोजरबाईनं महादेवाला काही विचारलं नाही. तांब्या घातला आणि घरी गेली.

तिसऱ्या साली झाडाची बारवेकडची एकच फांदी जिवंत राहिली होती. आखाड सरता सरता दोघींनी पुन्हा लाख बोलला. जमनाबाईंनी लेकीसाठी, दुर्गाबाईंनी जमनाबाईंसाठी.

गोजरबाई दोघींच्या दारात गेली. अंबडच्या पुंजाराम बुवांनी कीर्तनात सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं: बेल शिळा होत नाही, वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहिलं तरी देवाला चालतं, तसं शास्त्र आहे. जमनाबाई म्हणाल्या, धुतलेलं कापड मी गिऱ्हाइकाला न्हाई देत, देवाला देऊ? दुर्गाबाई म्हणाल्या, ते शास्त्र गरिबांसाठी आहे.

मग गोजरबाईनं कुणाला काही विचारलं नाही. पाटलांच्या गड्यांना तिनं सांगितलं की देवाचं झाड आहे, पारोशानं चढू नये, मी पहाटे अंघोळ करून काढीन. त्या वेळेला सगळं गावच पारोसं असायचं, त्यामुळं वाद झाला नाही. पहिल्या पहाटे तिनं एका बैठकीला पुरतील एवढी, तीन-साडेतीन हजार पानं काढली. शेंड्याची कोवळी पालवी सोडून दिली. त्यानंतर झाडाला फारसा हात लावला नाही.

सकाळी जमनाबाई वाहून गेल्या की पानं टोपल्यात, टोपलं बारवेत. दुपारी तीच पानं दुर्गाबाईंच्या पुढ्यात. संध्याकाळी पुन्हा बारव आणि रात्री ओल्या फडक्यात. सडली-वाळली त्यांच्या जागी मूठभर नवी. “तू गप बस,” एवढंच तिनं महादेवाला बजावलं होतं, आणि तो बसला.

जमनाबाई तर खूश. “बिलकुल टवटवीत आहेत हां. पाटलीणबाईंना मिळतात का अशी?”

“त्यांना दुपारची मिळत्यात,” गोजरबाई म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

अठराव्या दिवशी घोटाळा झाला. त्या दिवशी नातवाचा वाढदिवस, म्हणून जमनाबाईंनी सकाळी पहिल्या एकशेआठ पानांवर केशराचा टिळा लावला होता. केशराचा डाग पाण्यानं जात नाही हे गोजरबाईला ठाऊक नव्हतं, कारण केशर धुवायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. दुपारी दुर्गाबाईंचा हात पिंडीवर गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी पान नाकाला लावलं. खडकवाडीत केशराचं घर एकच.

गाव गोळा झालं. शेठाणीचं उष्टं मी सतरा दिवस वाहून राह्यले, असं दुर्गाबाई दारोदार सांगू लागल्या. ते जमनाबाईंच्या कानावर गेलं, आणि रोज सकाळी आपण पाटलिणीचं आदल्या दिवशीचं वाहत होतो हा हिशेब त्यांच्याही डोक्यात शिरला. त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं: गोजरबाईची गुरवकी काढायची, गडी कोयते घेऊन झाडावर चढवायचे, आणि नव्यानं लाख मोजायला घ्यायचा.

नेमकं त्याच दिवशी पुंजाराम बुवा कीर्तनाला आले होते. दिवस अजून वर होता. पाटलांनी आधी निवाडा घ्यायचं ठरवलं. कोयतेवाले दोन गडी देवळाच्या पायरीशी उभे. गोजरबाईची नजर त्यांच्यावरून हलेना. गुरवकी गेली तर ती कुणाच्याही वावरात खुरपून खाईल, पण ती फांदी गेली की झाड गेलं, आणि पुढच्या भादव्यात पुन्हा बाया लेकरं घेऊन येणार.

पाटील म्हणाले, “गोजरे, तू देवाला फसवलंस का न्हाई?”

“फसवलं. सतरा दिवस. त्यानं तुमच्याकडं तक्रार केली का?”

मागं कुणी तरी खोकल्यात हसू दडवलं. गोजरबाई थांबली नाही. “मसणात राहतो, राख फासतो, गळ्यात साप घालून हिंडतो. त्याला कशाचा आलाय इटाळ? इटाळ ह्या दोघींना झालाय, एकमेकींचा.”

पाटलांनी बुवांकडं पाहिलं. बुवांचं जेवण पाटलांच्या घरी होतं, शेला शेठजींच्या दुकानातून यायचा होता. बुवांनी वीणा खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

“शास्त्र तिच्या बाजूनं हाय,” ते शेवटी म्हणाले. “मीच सांगितलंतं. चाळीस वर्षं सांगून राह्यलो. कुणी ऐकत असंल असं वाटलं न्हवतं.”

शास्त्र असू द्या, मला ताजीच पाहिजेत, दुर्गाबाई म्हणाल्या. जमनाबाईंनी मान हलवली.

“मंग चला,” गोजरबाई म्हणाली. “ताजी कुठं हायेत ते दावते.”

सगळं गाव देवळामागं गेलं. गेल्या श्रावणापासून मागं वळून कुणी पाहिलंच नव्हतं; पानं पुढच्या दारानं येत होती. तोडलेल्या फांद्यांचे बुंधे काळे पडले होते, आणि बारवेवर ती एक फांदी, शेंड्याला पालवी धरून. मोजण्यात मुरलेल्या दोन्ही घरच्या सुनांनी वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दोन हजार, धाकटी म्हणाली. फार तर. लाख तर सोडाच, एका दिवसाची बैठक भागत नव्हती.

बुवांनी तेवढ्यात संधी साधली. “म्हंजे ताजी मिळायची न्हाईत. आन् धुतलेली धरायची न्हाईत असं ठरलं, तर दोघींचीबी लाखोली मोडली. देवाला बोललेलं मोडलं तर काय होतं, त्याचं माझ्याकडं एक आख्यान हाय. लांब हाय. सांगू?”

बुवांनी खाली बसायला जागा पाहिली.

“आमच्या माहेरी तर सगळे धुऊनच वाहतात,” जमनाबाई म्हणाल्या.

“आमच्यात वाळलेलीसुद्धा चालतात,” दुर्गाबाई म्हणाल्या. मागं कशाला राहतील?

पाटलांनी गड्यांना घरी पिटाळलं. गोजरबाईनं मात्र गड्यांच्या हातातले कोयते आधी मागून घेतले आणि मगच वाट सोडली. पुढच्या सालापासून लाखोली बोलायची तर पाण्याची, रोज शंभर तांबे झाडाच्या बुडाला, असं बुवांनी त्याच कीर्तनात जाहीर केलं. ते त्यांना कुणी सुचवलं हे सांगायला नको. उन्हाळ्यात दुर्गाबाईंनी शंभर घातले, तर जमनाबाईंनी सव्वाशे. दुर्गाबाई दीडशेवर गेल्या. शेवटी गोजरबाईलाच आडवं यावं लागलं, की बास करा बायांनो, मूळ सडंल.

झाडाला पुन्हा फळ धरायला पाच वर्षं लागली. सोनूबाईचं गेलं ते गेलंच. त्याला कुठलं शास्त्र नाही. गोजरबाई पुढं म्हातारी होऊन गेली, श्रावणातच.

आता टाळ घ्या हातात. पण अभंग धरायच्या आधी एक मागणं आहे. तिला लेकरूबाळ नव्हतं, मागं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. तेव्हा तुम्ही देवाची एवढी नावं घेता, त्यांत एखाद वेळी गोजरबाईची आठवण काढत जा.