संध्याकाळची पाळी

सारिकाच्या हाताखाली तीन देशांतली माणसं होती आणि तिला स्वतःची एक संध्याकाळ मोकळी करता येत नव्हती. असला मोठेपणा काय चाटायचाय?

शेणवे गावातल्या आपल्या घरी बसून ती एका सॉफ्टवेअर कंपनीची कामं वाटून द्यायची. पोलंडची माणसं काम आटोपून उठायच्या बेतात असायची, तेव्हा अमेरिकेची कुठे कामाला बसायची. एकांचं अर्धवट काम दुसऱ्यांच्या गळी उतरवायला मध्ये कुणीतरी लागायचं, आणि पृथ्वीच अशी फिरते की ती वेळ आपल्याकडे ऐन संध्याकाळची. हे काम येणाऱ्या दोघीच, सारिका आणि आसनगावची भाविका. दोघी एकाच कबड्डी संघात. सारिका पकडीला, भाविका चढाईला.

शुक्रवारी संध्याकाळी शहापूरला अंतिम सामना होता. पुढच्या महिन्यात सारिकाचं लग्न. टोकावड्याच्या सासरी सुनेनं मैदानात उतरायचं नाही, हे सुपारी फुटतानाच ठरलेलं. म्हणजे तिचा हा शेवटचाच सामना.

त्या दिवसापुरती ती वेळ मागेपुढे होईल का, तिने सगळ्यांना विचारून पाहिलं. पोलंडच्या मारेकच्या मुलीचा नेमका वाढदिवस. अमेरिकेतल्या बाईंनी पहाटे उठायला फार नम्रपणे नकार दिला. साहेब तर साखरेहून गोड. म्हणाले, "तूच ठरव, तुला पूर्ण स्वातंत्र्य आहे." एकजण जरी वाकडं बोलला असता तरी भांडता आलं असतं.

शुक्रवारी दुपारी तिने त्या पाळीवर आपलं नाव टाकलं. मग पुसलं आणि भाविकाचं टाकलं. लॅपटॉप मिटून ती शहापूरला निघाली.

मैदानात कप्तान दामिनीने पहिलं तेच विचारलं, "भाविका कुठं हाय?"

"तिला ड्युटी लागली."

"आजच? कोन मेला साहेब हाय तो? फायनल हाय, कलत नाय त्याला?"

बाकीच्यांनीही साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. कुणी सारिकाकडे संशयाने पाहिलंसुद्धा नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब नाय गो," ती म्हणाली. "मीच लावली. मला खेलायचं होतं."

दामिनीने केस पुन्हा घट्ट बांधले.

"बरं. मग तिच्या चढाया आता तूच घे."

सारिकाला चढाई कधीच जमली नव्हती, आणि हे दामिनीला पक्कं ठाऊक होतं. पंचाने शिटी वाजवली. रेषेपलीकडे सात जणी हातात हात गुंफून तिची वाट बघत उभ्या होत्या.