जुनी किल्ली

प्रितम कुलूपवाला चिंचवडच्या त्या सोसायटीत पोचला, तेव्हा सोजरबाई जिन्यातच त्याची वाट बघत उभ्या होत्या. "नवं लॅच बसव बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "पण आमची जुनी किल्ली त्याला लागली पाहिजे. ह्यांना मात्र बोलू नकोस."

प्रितम चक्रावला. लोक लॅच बदलतात ते जुनी किल्ली चालू नये म्हणून.

वर दारात त्यांचे यजमान भिवाकाका तणतणत होते. कंपनीतून रिटायर झाले तरी सुपरवायझरचा आवाज काही गेला नव्हता. "रोज अडकतंय हे. काढून फेक!" सोजरबाई आत स्वयंपाकघरात गेल्या.

"घरातल्या सगळ्या किल्ल्या द्या, काका."

"दोनच आहेत. तिसरी आमच्या मुलीकडे, मैत्रीकडे. दोन वर्षांपूर्वी पोरगी माझ्याशी भांडून गेली, ती गेलीच."

"म्हणजे आता तिची किल्ली चालायला नको, असंच ना?" प्रितमने मुद्दाम विचारलं.

"तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?" काका भडकले. मग स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "चालली पाहिजे. आणि हिला कळता कामा नये."

प्रितमने नव्या लॅचच्या आतल्या पिना जुन्या किल्लीच्या दात्यांप्रमाणे जुळवल्या. तासाभरात काम झालं.

त्याने त्याच दोन जुन्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोघांनी एकेक उचलली. नव्या किल्ल्या कुठायत, असं दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.