वहीबाहेरचे हिवाळे

"खरं काय ते मला सांगू नका, दोना एतेल्विना," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरची वही आपल्याकडे ओढली. "खरं कळलं तर मला हा कागद लिहिता येणार नाही. विचारते तेवढंच सांगा. वही तुमच्या हातची?"

"हो, माझ्याच हातची."

"यातले दिवस बरोबर आहेत?"

एतेल्विनानं काळ्या शालीचा काठ मुठीत धरला. सत्तरी उलटलेली बाई. वहीत बारा वर्षांचं आदेलिनोचं येणं-जाणं होतं. एप्रिलच्या मध्यावर 'आला', सप्टेंबरअखेर 'गेला'. एकाही वर्षी आकडा एकशे त्र्याऐंशीला पोचला नव्हता. पोचूच द्यायचा नव्हता, त्याचसाठी तर वही होती.

आदेलिनोनं अडतीस वर्षं फ्रान्समध्ये, लिओंला गवंडीकाम केलं. दर ऑगस्टला पोर्तुगालमधल्या आपल्या गावी येऊन एकेक भिंत उभी करत त्यानं हे घर बांधलं. काम सुटलं तेव्हा तो कायमचा परतला आणि एतेल्विना त्याच्या घरी राहायला गेली. पण दारूच्या गुत्त्यात कुणीतरी त्याला घाबरवलं, वर्षातले एकशे त्र्याऐंशी दिवस इथे काढलेस की तू इथला रहिवासी, मग तिकडच्या पेन्शनवर इथे कर भर. म्हणून कागदोपत्री तो लिओंलाच, चुलतभावाच्या खोलीत राहिला. चर्चमध्ये लग्न लावायचं तर सरकारी नोंद आली, म्हणून तेही राहिलं. "तू लिहीत जा," तो तिला म्हणाला होता, "तुझं अक्षर चर्चमधल्या पाटीसारखं आहे. कुणी शंका घेणार नाही."

एक ऑक्टोबरला रस्त्याकडच्या खिडक्या बंद व्हायच्या. मग सहा महिने संसार मागच्या स्वयंपाकघरात. तो चुलीपाशी बसायचा, खोकला आला तर तोंडात टोपी कोंबायचा. ती कोबी चिरायला सांगायची, तर म्हणायचा, "मी लिओंला आहे बाई. तिथून कसा चिरू?" आणि चिरायचाही. भाजलेल्या चेस्टनटची सालं काढून तिच्या पुढ्यात ठेवायचा. खरं सांगायचं तर ती दोघं जगली ती हिवाळ्यातच. उन्हाळ्यात सगळं गाव अंगणात असायचं.

"दोना एतेल्विना?"

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा सारखा केला. "मग मृत्युपत्राप्रमाणे घर तुमचं. नात्याच्या नाही म्हणून थोडा कर बसेल, तो तुम्हाला झेपेल. पण ते बारा महिने इथेच राहत होते असं निघालं, तर मागच्या वर्षांचा कर, वर दंड, सगळं या घरावर चढेल. घर हातचं जाईल."

"बेल्मिरो दाखला देणार आहे. आमच्या गावचा सरपंच. आम्ही एका छपराखाली राहिलो, असा."

"तो दाखला आला की ही वही खोटी."

वकीलबाई शेवटच्या पानावर थांबल्या. "ही नोंद जानेवारीची आहे. 'आज आदेलिनो घरी.'"

"त्या दिवशी गेला तो."

"म्हणजे भेटीला आले असताना आजारी पडले. असं लिहू?"

एतेल्विनानं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या सकाळी त्याला पांघरुणाचंही ओझं होत होतं. म्हणाला, "वही आण. लिही, आज मी घरी आहे. एक दिवस तरी खरा लिही." तिनं लिहिलं. त्यानं डोळ्यांपुढे धरून वाचलं आणि वही छातीवर ठेवली.

"लिहा," ती म्हणाली.

वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. मयताचं घर फ्रान्समध्ये होतं. ते उन्हाळ्यात पाहुणे म्हणून येत. सही करणारी बाई त्यांच्या माघारी घराची राखण करत असे. दोघांचा एकत्र संसार नव्हता. हे शपथेवर.

वही देव वाचत नाही, असं ती बारा वर्षं मनाला समजावत आली होती. पण शपथ सरळ त्याच्या कानावर जाते. शपथेचं खोटं तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. पण आईबापाच्या घरातली खोली तिनं भावाच्या विधवेला कधीच देऊन टाकली होती. या भिंतींखेरीज तिला डोकं टेकायला जागा नव्हती, आणि या भिंतींतला एकेक दगड त्याच्या हाताचा होता.

तिनं सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

दुपारच्या बसनं ती गावात उतरली ती थेट बेल्मिरोच्या कचेरीत गेली.

"या मावशी!" तो उठून उभा राहिला. "तुमचा दाखला शिक्का मारून तयार आहे. म्हटलं, सहा महिने एकट्या बाईच्या घरात दोन माणसांचे बटाटे शिजायचे, गाव काय आंधळं होतं? कुणी बोललं नाही, एवढंच."

"फाडून टाक तो."

"अहो, पण मग तुम्ही त्याच्या कोण? कुणी विचारलं तर गावानं सांगायचं काय?"

"राखणदार होते म्हणून सांग."

बेल्मिरोनं दाखल्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार केले आणि कचऱ्याच्या टोपलीत न टाकता स्वतःच्या खिशात घातले.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला तो शुक्रवार होता. दिवेलागणीला गावातल्या बायका डोक्यावरून काळ्या शाली घेऊन चर्चच्या टेकडीवर चढतात आणि मेलेल्यांसाठी गातात. आघाडीचा सूर तीस वर्षं एतेल्विनाचा. तिनं सूर लावला की खालच्या ओढ्यापर्यंत घराघरांतली बोलणी थांबायची. एकेका प्रकारच्या मरणासाठी एकेक कडवं असतं, समुद्रात बुडालेल्यांसाठी, बाळंतपणात गेलेल्यांसाठी. मग आपल्या घरी, आपल्या माणसाच्या हातात हात देऊन गेलेल्यांसाठी. त्या कडव्याशी आल्या तेव्हा बायकांनी आपसूक आवाज खाली आणले. यंदा ते कडवं तिचं होतं, तिच्यासाठी त्यांनी वाट करून दिली.

एतेल्विना गप्प राहिली. कडवं तिच्यावाचूनच पार पडलं. कुणीतरी शालीआडून तिच्याकडे पाहिलं.

पुढचं कडवं परमुलखात मेलेल्यांचं होतं. घरापासून दूर, ज्यांचे डोळे मिटायला कुणी नव्हतं त्यांचं. तिनं मान वर केली आणि पहिला शब्द उचलला. बाकीच्या थबकल्या. ती एकटीच दोन ओळी गात गेली. मग बेल्मिरोच्या आईनं डोळे मिटून तिच्या सुरात सूर मिसळला. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गाऊ लागल्या.