सलूनवाल्याचं बोलणं ऐकलेला कोच

मित्रांनो, बसू नका, आडवेच व्हा. माझ्यावर बसायची पद्धत कधीच नव्हती. मी एक जुना कोच आहे. सध्या मुक्काम भंगारवाल्याच्या शेडमध्ये, शेजार मोडक्या कपाटाचा.

मला बनवताना सुताराने माझ्या मालकांना, म्हणजे डॉक्टरांना, विचारलं होतं, "बसायला पाहिजे की झोपायला?"

"दोन्ही नाही," डॉक्टर म्हणाले. "बोलायला."

सुताराने पेन्सिल कानामागे ठेवली आणि या गिऱ्हाइकापासून दोन हात लांब उभा राहिला.

आमचं घराणं मात्र मोठं आहे बरं का. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात एक डॉक्टर होता. त्याच्याकडे अशी माणसं येत, ज्यांच्या अंगात काही बिघाड सापडत नसे, आणि तरीही कुणाचा पाय चालत नसे, कुणाची वाचा बसलेली असे. आधी तो त्यांच्यावर संमोहन करून प्रश्न विचारी. एकदा एका बाईने त्याला चांगलंच झापलं. हे कुठून आलं, ते कुठून आलं, असं सारखं विचारू नका, मला बोलायचंय ते बोलू द्या, म्हणाली. दुसरा कुणी असता तर रागावला असता. हा गप्प बसला. मनोविश्लेषण नावाचं जे प्रकरण पुढे जगभर गेलं, ते त्या गप्प बसण्यातून निघालं, असं आमच्या घराण्यात मानतात.

रीत साधी. रुग्णाने कोचावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते, लाज न बाळगता, बोलत सुटायचं. डॉक्टरने त्याच्या डोक्यामागे खुर्ची टाकून ऐकायचं. मागे का? तर दिवसभर लोक आपल्या तोंडाकडे टक लावून बघतात, हे त्या पहिल्या डॉक्टरला सोसेना. त्याचा तो कोच म्हणजे माझा खापरपणजोबा. सुतार म्हणतो, मी एका जुन्या दरवाजाच्या लाकडाचा आहे. सुताराचं मनावर घेऊ नका.

त्या कोचाने जगाची बोली बदलली. पूर्वी जीभ घसरली की लोक हसून सोडून देत. आता म्हणतात, "बघा, मनात होतं तेच बाहेर आलं!" स्वप्न पडलं तर अर्थ विचारतात, भांडण झालं तर लहानपण उकरतात. नंतरच्या डॉक्टरांनी त्यातलं बरंच खोडून काढलं, यावरून मोठमोठे वादही झाले. पण कुणी नीट ऐकून घेतलं की माणूस हलका होतो, हे कुणाला खोडता आलं नाही.

माझे डॉक्टर ऐकण्यात पटाईत होते. माझी खोली लहान होती. एक खिडकी, भिंतीवर घड्याळ, माझ्या उशाशी त्यांची खुर्ची. माझ्यावर लोक इतके रडले, की माझ्या एका कोपऱ्यात गवत उगवलं होतं. विश्वास बसत नसेल तर राहू द्या. लोक जाताना माझी पाठ थोपटत, "या कोचात काहीतरी आहे" म्हणत. मी फुगून जाई.

मग डॉक्टरांचे कान गेले. एकदम नव्हे, हळूहळू. आतल्या खोलीतून त्यांची बायको ओरडे, "अहो, बेल वाजतेय, बहिरे झालात का?" आणि डॉक्टर खुशाल खिडकीतून बाहेर बघत बसलेले असत. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याने कान गेले असं कुठल्या तोंडाने सांगावं? आणि लपवायला त्यांच्या रीतीइतकी सोयीची जागा नव्हती. ते मागे बसत, त्यांचा चेहरा कुणाला दिसत नसे, आणि उत्तर न देणं हाच तर उपचार होता! अधूनमधून "हं" म्हटलं की भागत असे. एकदा एका बाईंनी विचारलं, "डॉक्टर, खिडकी लावून घेऊ का?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" त्या बाई इतक्या विचारात पडल्या, की घरी जाऊन त्यांनी नवऱ्याशी धरलेला अबोला सोडला. मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

पुढे एक सलूनवाला आला. तरणाताठा, पण उजवा हात लुळा. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, हातात दोष काहीच नव्हता. एका सकाळी दाढी करता करता हात जो खाली पडला, तो पडलाच. हाताशिवाय सलूनवाला म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. तो माझ्यावर पडून बोलू लागला. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने वाढवलं, धंदा शिकवला. शिकवताना चुकलं की दादा बोटांवर कंगवा मारी. "माझ्यामुळे उभा आहेस," हे त्याचं पालुपद. आणि सलून उघडलं की पहिली दाढी दादाचीच.

आठवडेच्या आठवडे तो त्या सकाळभोवती घिरट्या घालत राहिला. मग एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाला, "वस्तरा दादाच्या गळ्यावर होता. तो म्हणाला, माझ्याशिवाय तुझं काही व्हायचं नाही. आणि मला वाटलं, जरासा दाबला तर? तेवढ्यात हातच गेला. डॉक्टर, मी वाईट माणूस आहे का?"

मित्रांनो, मला कळलं होतं! भाऊ वाचावा म्हणून त्या हाताने स्वतःला पाडून घेतलं होतं. वाईट माणसाचा हात असा पडतो का? एवढंच कुणीतरी त्याला म्हणायला हवं होतं.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजची वेळ संपली."

तो उठून बसला. त्याचा चेहरा मी पाहिला, डॉक्टरांनी नाही. आपलं मन कळल्यावर डॉक्टरांनीसुद्धा आपल्याला बाहेर काढलं, असं त्याला वाटलं. मी सगळा जोर लावून करकरलो. इतका, की माझी एक स्प्रिंग तुटली. तो गेला. पुन्हा आलाच नाही. "बरा झाला असेल," डॉक्टर बायकोला म्हणाले.

नंतर एका दुपारी दादा आला. छातीपर्यंत दाढी! रीत ठाऊक नसल्यामुळे तो माझ्यावर सरळ बसला आणि मान खाली घालून बोलू लागला.

"तो सलून सोडून गेला. कुठल्याशा गोदामात डाव्या हाताने शिक्के मारतो म्हणे. माझ्याशी बोलत नाही. भेटलाच तर एवढं सांगा, दुसऱ्या कुणाचा वस्तरा मी गळ्याला लावून घेणार नाही. त्याचा हात फार हलका आहे हो. मी त्याला हे कधी म्हटलंच नाही."

डॉक्टर पुढे वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कानामागे हात धरला.

"थोडं मोठ्याने बोलता का? मला ऐकू येत नाही."

दादाने वर पाहिलं. दाढीवरून हात फिरवला.

"जाऊ द्या," तो म्हणाला, आणि उठला.

डॉक्टरांनी त्याच महिन्यात दवाखाना बंद केला. तुटक्या स्प्रिंगचा कोच कुणाला हवा असणार? मी इथे आलो.

मित्रांनो, पाऊस लागला तर मला झाका, एवढं म्हणण्याचा हक्क मला आहे. पण ते राहू द्या. कुणी तुमच्याशी हळू आवाजात बोललं आणि ऐकू आलं नाही, तर उगाच मान डोलवू नका. तिथल्या तिथे विचारा. अशी गोष्ट माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. आणि कुठे डाव्या हाताने शिक्के मारणारा माणूस दिसला, तर त्याला सांगा, दादाने दाढी ठेवली आहे. तुम्हाला तोंड आहे. मला नाही.