आडवी बाटली

माघातले ऊन कोवळे होते, केशरी होते, आणि द्राक्षबागांच्या मांडवांवरून ते ओघळत होते. दवभारली पाने, पानांआड घनश्याम घड, घडांवर धुक्याची पुसट भुकटी. दिंडोरीकडचे सारे शिवार पिकत होते, आणि त्या पिकण्याचा मंद, मधुर दरवळ थेट ओसरीपर्यंत येत होता.

त्या दरवळाने कुणाचेही मन सुखावावे. सुभद्राबाई ढिकले मात्र पदर नाकाला लावीत. द्राक्ष गोड, हे त्यांना मान्य होते. पुढे त्याचे काय करतात, तेही त्यांना पुरते ठाऊक होते.

दारूने त्यांचा नवरा नेला होता. हळूहळू, घोटाघोटाने, भर तारुण्यात नेला होता. म्हणून तर त्यांनी गावातल्या बायांना गोळा करून दारूच्या दुकानावर मतदान घडवून आणले. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. बाया आल्या, हिरव्या चुड्यांच्या आल्या, मोकळ्या मनगटांच्या आल्या, आणि शिक्के आडव्या बाटलीवर पडले. तेव्हापासून सुभद्राबाईंचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

आणि आज, जिन्याखालच्या शीतल, श्यामल अंधारात, रांजणामागे, ओल्या गोणपाटाखाली त्यांच्या हाताला काच लागली. गावात आडवी केलेली बाटली त्यांच्याच घरात येऊन आडवी निजली होती.

लपवण्याची ही रीत त्यांच्या ओळखीची होती. कडब्याच्या गंजीत, धान्याच्या कणगीत, चुलीमागच्या राखेतसुद्धा त्यांनी अशा बाटल्या शोधून काढल्या होत्या. संशय सरळ जाऊन एकाच नावावर बसला. संपत. एकुलता एक मुलगा. बापाचेच नाक, बापाचाच आवाज; मग घसा तरी वेगळा कशावरून?

कुणी हात लावतो का ते कळावे, म्हणून बाटली त्यांनी नुसती उभी करून ठेवली. दुसऱ्या सकाळी पाहतात तो आडवी! पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी. बूच मात्र जागच्या जागी, आणि आतला थेंबही कमी होत नव्हता. याने तर त्या अधिकच घाबरल्या. पिणारा समजतो, पण न पिता रोज जाऊन हात फिरवणाऱ्याला काय म्हणावे?

गंमत अशी, की त्या घरात संशय घेणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. बाटली ठेवली होती सुनेने, रेणुकाने. डोंगराच्या पायथ्याशी वायनरी, म्हणजे द्राक्षांची वाइन करणारा कारखाना होता, तिथे ती चव पारखण्याचे काम करी; सासूबाईंना मात्र तिने 'कारखान्यात नोकरी' एवढेच सांगितले होते. संध्याकाळी घरी येऊन पाहावे, तर आडवी ठेवलेली बाटली ताठ उभी! सासूबाई तर दारूच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. मग उरला कोण?

बिचारा संपत. ताटात वाढताना आई वाकून त्याचा श्वास हुंगे, दार उघडताना बायको हुंगे. आपल्या तोंडाला वास येत असावा असे वाटून तो लवंग चघळू लागला. त्या लवंगेने मात्र दोघींची खात्रीच पटली.

अखेर एका रविवारी, पिवळ्याधमक दुपारी, सुभद्राबाईंनी ओसरीवर दोन गोष्टी आणून ठेवल्या. एक ती बाटली, आणि एक स्वतःच्या कपड्यांची पिशवी.

"तोंड उघड, संपत."

"आई, अगं झालं तरी काय?"

"तुझ्या बापाचं तोंड हुंगण्यात माझा जन्म गेला. आता पोराचं हुंगायला मी या घरात राहायची नाही. भावाकडं चालले मी."

रेणुका दारातच थबकली होती. "आई, ती माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी? तू पितेस?"

"ठेवली मी. बूच ओलं राहावं म्हणून आडवी ठेवायची, गारव्यात, अंधारात. तुमच्यापासून लपवली, ते चुकलंच माझं. आमच्या कारखान्यात वाइन करतात, त्यातली सगळ्यात स्वस्त आहे ही. पण कुठल्या पिंपातली किती मिसळायची, ते पहिल्यांदा माझ्या चवीवर ठरलं. त्यातली ही पहिली बाटली. पाडव्याला यांना दाखवणार होते."

"म्हणजे रोज तिथं पिऊन येतेस!" सुभद्राबाईंचे डोळे बारीक झाले.

रेणुकाने सरबताचा काचेचा पेला आणला, पर्समधून बूच काढायचा स्क्रू घेतला आणि बूच ओढले. त्या आवाजाने सासूने डोळे गच्च मिटले. जांभूळवर्णी, रक्तिम, संथ धार पेल्यात उतरली. रेणुकाने पेला पांढऱ्या भिंतीसमोर धरून पाहिला, हुंगला, एक घोट तोंडात घेऊन जिभेवर फिरवला. मग ती अंगणाच्या कडेला गेली आणि तो घोट तिने थुंकून टाकला.

"थुंकलीस?"

"कामच ते माझं, आई. दिवसभर चव घ्यायची आणि थुंकायची. गिळली तर पुढची चव कळत नाही."

अख्ख्या संसारात सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे एवढेच तर मागितले होते. तोंडात घेतलीत ना, आता थुंका. पाय धरून मागितले, तान्हे लेकरू पुढे करून मागितले. तो एकदाही थुंकला नव्हता. त्यांना रडू कोसळले, आणि आज त्यांनी ते आवरले नाही.

संपतने पिशवी हळूच उचलून आत नेली. त्यांनी ती नेऊ दिली.

"आण इकडं तो पेला."

त्यांनी साशंकपणे हुंगले. तो जुना, आंबट, भयाचा वास तिथे नव्हता. पिकल्या जांभळाचा होता, ओल्या सालीचा होता. त्यांनी मोठा घोट तोंडात घेतला, निऱ्या सावरल्या, अंगणात उतरल्या, आणि सगळा जीव एकवटून थुंकल्या. सुनेपेक्षा कितीतरी लांब.

"आणखी दे."

"आई, ती एकच आहे, तिची पहि—" संपत म्हणू लागला. रेणुकाने त्याचा हात दाबला आणि पेला भरला.

पेला भरे, रिता होई. उन्हात लाल धार उडे, मातीत विरून जाई. पुन्हा पेला, पुन्हा धार. नवऱ्याच्या वाट्याचे सगळे त्या आज थुंकत होत्या.

शेवटचा घोट मात्र त्यांनी तोंडातच धरला. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. एक क्षण गेला, दुसरा गेला. संपतने रेणुकाकडे पाहिले, रेणुकाने संपतकडे. दोघांच्याही नजरेत तोच जुना संशय. सुभद्राबाईंनी डोळे उघडून दोघांकडे रोखून पाहिले, मान वळवली, आणि थुंकल्या. लांब, लाल, लखलखत, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.