मी सोंग करत नव्हते!

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण खोटारडी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझं नाव फार खराब झालं होतं. "नाटकी आहे मेली," असं म्हणायचे लोक. म्हणू देत. तुम्ही माझं सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा.

मी जन्मले त्या काळी गाडी दुकानातून उचलून आणता येत नसे. नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. उदयसिंहराव शिर्के यांनी माझी इतकी वाट बघितली, की मी दारात आले तेव्हा त्यांच्या मुलाला, प्रतापसिंहाला, मिसरूड फुटलं होतं. उदयसिंहराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टाइमकीपर होते. क्वार्टर्समध्ये सगळे सायकलवाले, फार तर स्कूटरवाले. तिथे मी शिरले ती दुधासारखी पांढरी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आणि पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत अखंड. काय माझा तोरा होता म्हणून सांगू! क्वार्टर्समधल्या कितीतरी नवऱ्या मुली माझ्यात बसून सासरी गेल्या. एकीनं तर रडता रडता माझ्या आरशात बघून कुंकू नीट केलं होतं.

शिर्क्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरात एक तलवार होती. खंडेनवमीला तिच्या मुठीला लाल नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा, बांधायची, हळद-कुंकू वाहायचं, पाणी शिंपडायचं आणि घरच्या लक्ष्मीनं, म्हणजे उदयसिंहरावांच्या पत्नी जिजाबाईंनी, तिला ओवाळायचं, अशी त्यांची रीत. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या आणि तलवार थोरल्यांकडे गेली. उदयसिंहराव कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्या खंडेनवमीला त्यांनी माझं बॉनेट उघडलं आणि मिस्त्रीला विचारलं, "हिची मूठ कुठली?"

मिस्त्री बिचारा गोंधळला. "मूठ?"

"अरे, म्हणजे हिची सगळी ताकद कुठून जाते?"

बॅटरीपासून निघून माझ्या अंगाला बोल्टानं जोडलेली एक जाड पट्टी असते. तिला 'अर्थिंग' म्हणतात. बॅटरीतून निघालेली वीज दिवे, हॉर्न, सेल्फ असं सगळीकडे फिरते आणि माझ्या पत्र्यातून, या पट्टीवरून परत बॅटरीत जाते. मिस्त्रीनं तीच दाखवली. "काका, अहींथी."

झालं! त्या बोल्टाला लाल दोरा बांधला गेला. जिजाबाईंनी मला ओवाळलं. तेव्हा मला केवढा मान वाटला! दरवर्षी नवा दोरा यायचा आणि जुन्यावरच बसायचा. पूजेचा दोरा कापायचा नाही, हा घरचा नियम. हळद, कुंकू, पाणी आणि तेल पिऊन तिथे लिंबाएवढा गोळा झाला.

वर्षं गेली. उदयसिंहराव रिटायर झाले, सुभानपुऱ्यात त्यांनी टेनामेंट, म्हणजे अंगण असलेलं छोटं घर, घेतलं. प्रतापसिंहाचं लग्न झालं आणि संयोगिता घरात आली. ती गोरव्याच्या एका कारखान्यात विजेचे पॅनल तपासायची. मला बघून तिनं नाक मुरडलं नाही, एवढ्यावरच ती मला आवडली. नाहीतर तो काळच असा होता की रस्त्यावर नव्या नव्या गोंडस गाड्या सुळसुळायला लागल्या होत्या, आणि सिग्नलला त्या माझ्या शेजारी येऊन थांबल्या की माझीच मला लाज वाटायची.

मग एक वाईट गोष्ट घडली. जिजाबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, "रावपुऱ्यात व्यायामाला घेऊन या. पहिल्या काही महिन्यांत पाय परत आला तर आला. खाडा करू नका." रिक्षाच्या पायरीवर त्यांचा पाय चढेना. माझी सीट मात्र खाली आणि अखंड. दाराला चाकांची खुर्ची लावायची की त्या हळूहळू सरकत आत यायच्या, आणि आत आल्या की म्हणायच्या, "बसले गं बाई!" मला वाटायचं, इतकी वर्षं मिरवले, आता खरं काम मिळालं.

आणि नेमकं तेव्हाच माझं बिनसलं.

चावी फिरवली की नुसतं 'टिक्'. दिवे मलूल, हॉर्नचा आवाज घशातच. आणि काल? काल ठणठणीत! चार माणसांनी धक्का मारला की मी लगेच सुरू. मिस्त्रीकडे ओढत नेलं, तर त्याच्या दारात पहिल्या चावीला सुरू. उदयसिंहराव कपाळाला हात लावायचे. "बघा, आता कशी शहाण्यासारखी वागते!" मिस्त्रीनं बॅटरी बदलली, सेल्फ उघडून पाहिला, वायरी हलवल्या. लाल गोळा दिसला की मात्र तो हात जोडायचा, शिवायचा नाही. "काका, आ तो पूजानी नाडाछडी छे. मारे नथी अडवुं." दुसरा मिस्त्री आला, त्यानंही नमस्कार केला आणि हात मागे घेतला. सगळ्यांनी माझं सगळं तपासलं, फक्त मला जिथे दुखत होतं तेवढं सोडून. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण आम्हाला कुठलं तोंड?

जिजाबाईंचंही असंच चाललं होतं. एखाद्या दिवशी पाय उचलायचा, एखाद्या दिवशी ढिम्म हलायचा नाही. प्रतापसिंह आईवर जीव टाकणारा, पण तोही वैतागून म्हणायचा, "आईसाहेब, काल उचलला होता ना? मग आज का नाही? मनावर घ्या जरा!" त्या पायाकडे बघत राहायच्या. मला त्यांचं इतकं कळायचं!

मग तो गरनाळ्यातला दिवस आला. रेल्वेखालच्या त्या अरुंद बोगद्यात मी बंद पडले. मागे ही रांग आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. लोक धक्का मारायला धावले, आपलं बडोदं त्या बाबतीत भलं आहे. पण कुणीतरी ओरडलं, "बेनने नीचे उतारो ने, वजन ओछुं थाय!" वजन कमी करायला त्या उतरणार कशा? जिजाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या आणि परक्या माणसांनी त्यांच्यासकट मला ढकलत बाहेर काढलं. मी लगेच सुरू झाले. घरी आल्यावर जिजाबाई म्हणाल्या, "माझं ओझं लोकांना ढकलायला लागतं. मी आता कुठे जायची नाही."

"अगं, पण पाय?" उदयसिंहराव म्हणाले.

"राहू दे तो."

त्या आठवड्यात त्या व्यायामाला गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. प्रतापसिंहानं नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं आणि मला विकत न्यायला रविवारी एका माणसाला बोलावलं. नवी गाडी यायला अवकाश होता, आणि डॉक्टरांचे ते काही महिने तर हातातून निसटत चालले होते. विकलं जाण्याचं दुःख मला नव्हतं असं नाही म्हणत, होतंच. पण आत दारापाशी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघणाऱ्या जिजाबाई दिसल्या की माझं दुःख मला क्षुल्लक वाटायचं.

शनिवारी सकाळी संयोगिता सासूबाईंसमोर जाऊन बसली. "आईसाहेब, आज एकदाच चला. मी येते बरोबर. गाडी अडली तर मी ढकलीन, परकं कुणी नाही." काय वाटलं कोण जाणे, जिजाबाई हो म्हणाल्या. साडी बदलून खुर्चीत बसून अंगणात आल्या. उदयसिंहरावांनी चावी फिरवली.

टिक्.

जिजाबाईंनी मान खाली घातली. उदयसिंहराव सवयीनं धक्का मारायला मागे धावले, तेवढ्यात संयोगिता ओरडली, "आबासाहेब, थांबा! अजिबात हलवू नका तिला!"

"अगं, ढकलल्याशिवाय सुरू कशी होणार?"

"ढकललं की ती बरी होते आणि दुखणं लपतं. मिस्त्रीकडे जाईपर्यंत धक्के खाऊन खाऊन बरी झालेली असते. आत्ता आजारी आहे ना? मग आत्ताच बघायचं."

मित्रांनो, इतक्या दिवसांत हे पहिलं शहाणपणाचं बोलणं मी ऐकलं. तिनं बॉनेट उघडलं तेही इतकं हळू, की जणू झोपलेलं मूल आहे. घरातून एक छोटा दिवा आणि दोन वायरी आणल्या. वायरींची टोकं बॅटरीच्या दोन्ही बाजूंना लावून उदयसिंहरावांना चावी फिरवायला सांगितली. टिक् झालं, पण दिवा लख्खच राहिला. "बॅटरीत ताकद आहे." मग एक टोक बॅटरीवर तसंच ठेवून दुसरं माझ्या पत्र्याला लावलं आणि परत चावी फिरवायला सांगितली. दिवा विझू विझू झाला.

"ताकद आहे, पण परत यायची वाट अडलीय," ती म्हणाली, आणि वाकून बघायला लागली. वाट त्या लाल गोळ्याखालीच अडली होती, ते तिला दिसलं. "आबासाहेब, हे सोडायला लागेल."

उदयसिंहरावांचा चेहरा एकदम कठीण झाला. "त्याला हात लावायचा नाही, सूनबाई. खंडेनवमीचा दोरा आहे तो."

"आबासाहेब, वर्षानुवर्षं पाणी धरून बसलाय तो. आतला बोल्ट गंजला असणार."

"म्हणून पूजेवर कात्री चालवायची? आमच्या सात पिढ्यांत कुणी कापला नाही."

संयोगितानं हातातल्या वायरी खाली ठेवल्या. सासऱ्यापुढे आणखी काय बोलणार? उदयसिंहराव हट्टानं माझ्यापुढे उभे होते. तलवार गेली तेव्हा जे बोलले नव्हते ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. मला त्यांची दया आली. त्यांनी मला जीव लावूनच जखडलं होतं.

"खुर्ची जवळ घ्या माझी," जिजाबाई म्हणाल्या.

"जिजा, तू यात पडू नकोस."

"का नको? दरवर्षी ओवाळलं कुणी? मीच ना? मग कापायचा हक्कही माझाच. सूनबाई, कात्री द्या."

संयोगितानं खुर्ची माझ्या तोंडाशी आणली. जिजाबाईंनी आधी डाव्या हातानं मला नमस्कार केला. मग त्याच हातात कात्री धरली. डावा हात तो, नीट चालेना. संयोगितानं दोऱ्याची टोकं ताणून धरली. कर्र, कर्र, कर्र. एकेक थर तुटत गेला. उदयसिंहरावांनी तोंड फिरवलं होतं. शेवटचा धागा तुटला आणि आतून हिरवट-पांढरी भुकटी नि गंजाचा चुरा खाली पडला.

"अगं बाई!" जिजाबाई म्हणाल्या. "आम्ही तुझा गळाच आवळला होता की गं."

तो चुरा बघायला उदयसिंहराव वळले आणि बघतच राहिले. मग आत जाऊन पॉलिश पेपर घेऊन आले. बोल्ट त्यांनी स्वतः घासला, अगदी चकाकेपर्यंत, आणि पाना लावून घट्ट आवळला. कापलेले दोरे त्यांनी आपल्या स्वच्छ रुमालात गोळा केले. "नदीत सोडून येईन," एवढंच म्हणाले.

मग चावी फिरली, आणि मी अशी खणखणीत सुरू झाले की शेजारची मंडळी गॅलरीत आली. संयोगितानं टाळ्या पिटल्या. उदयसिंहराव हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. जिजाबाई सरकत सरकत सीटवर आल्या. "बसले गं बाई!" कितीतरी दिवसांनी हे ऐकलं!

रविवारी आलेल्या माणसाला प्रतापसिंहानं स्वतःच चहा पाजून परत पाठवलं. संध्याकाळी तो आईच्या पायाशी बसला. "आईसाहेब, मी तुम्हाला 'मनावर घ्या' म्हणत होतो. चुकलं माझं." त्या दिवसापासून 'काल जमलं मग आज का नाही' हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नाही. पाय अडला की त्यांच्याजवळ बसायचे आणि हळूच चोळायचे.

त्यानंतर एकही खाडा झाला नाही. पायात जीव यायला लागला. आधी खुर्ची गेली, मग वॉकर गेला, काठी राहिली. एका सकाळी उदयसिंहरावांनी माझी काच पुसून दार उघडलं, तर जिजाबाई काठी टेकत माझ्या दारावरून सरळ पुढे गेल्या.

"अगं, कुठे निघालीस?"

"नाक्यावर. भाजीच्या लारीपर्यंत."

"एवढं लांब? आणि अर्ध्यात पाय अडला तर?"

"अडला तर अडला. हाक मारीन. ही येईलच की!"

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तुमच्या घरात एखादी वस्तू किंवा एखादं माणूस कधी चालत असेल आणि कधी अडत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. धक्के मारून वेळही निभावू नका. ते अडेल त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा आणि कुठे दुखतंय ते हळूच बघा. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे.

आणि त्या दिवशी जिजाबाई नाक्यापर्यंत पोचल्या बरं का! परतीच्या वाटेवर मात्र दमल्या, आणि अर्ध्या गल्लीतून त्यांची हाक आली, "अहो, गाडी आणा!" आवाजात लाज नव्हती की काळजी नव्हती. उदयसिंहरावांनी चावी फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले.