उस्तादांनी पाहिलेली मशीन

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कथा देवाची असली की आपण माना डोलावतो, डोळे पुसतो आणि घरी जाऊन जेवतो. ही एका मेकॅनिकची आहे. पण भक्ती हिच्यातही आहे बरं का, आणि घात झाला तो त्या भक्तीनेच. म्हणून मन लावून ऐका.

त्याला सगळे वैद्य म्हणत. काढे-चाटणं द्यायचा म्हणून नव्हे. खोदकामाच्या मशीनी बऱ्या करायचा म्हणून. आताच्या मशीनींच्या पोटात कॉम्प्युटर असतो. काही दुखलं-खुपलं की तो कोड दाखवतो. तो कोड वाचायचा स्कॅनर खांद्याच्या पिशवीत घालून वैद्य गावोगाव फिरे. हे सगळं त्याला शिकवलं उस्तादांनी. पाना कसा धरावा इथपासून ते वायर कशी बांधावी इथपर्यंत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक रीत होती: उस्तादांनी पाहिलेल्या मशीनला चेल्याने पुन्हा स्कॅनर लावायचा नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण पाळत सगळेच.

वैद्याचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दुसऱ्याच्या पोकलेनवर ऑपरेटर होते. लिव्हर ओढता ओढता आणि मालकाची बोलणी खाता खाता केस पिकले. ध्यास एकच, स्वतःची मशीन. वापरलेल्या मशीनी विकणाऱ्या एका दलालाच्या आवारात त्यांना एक मनासारखी दिसली. रंग नवा, बकेटचे दात नवे, सीटवर प्लास्टिक तसंच. बघायला ताई, दाजी आणि वैद्य असे तिघं गेले. दाजींनी मशीनभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की ताई म्हणाली, एवढ्या फेऱ्या तर आपल्या लग्नातही मारल्या नव्हत्यात.

वैद्य पिशवीची चेन उघडत होता, तेवढ्यात दलाल सहज बोलल्यासारखा म्हणाला की मशीन उस्तादांनी पाहिलेली आहे. उस्ताद तिथेच खुर्चीवर चहा पीत बसले होते. वैद्याने त्यांना पाहिलं, हात जोडले आणि चेन पुन्हा ओढून घेतली.

"दाजी, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला.

दाजींनी घेतली. नोकरीला रामराम ठोकला, तोही मालकाच्या तोंडावर, मनात साचलेलं सगळं ऐकवून.

मशीन पहिल्याच कामावर दम टाकू लागली. सकाळी वाघासारखी चाले आणि ऊन वर आलं की बूम, म्हणजे पुढचा लांब हात, उचलताना कुंथायला लागे. पडद्यावर कोड येई: हायड्रॉलिक ऑइलच्या तापमानाचा सेन्सर भरवशाचा नाही. एवढ्याशा सेन्सरसाठी मेहुण्याला कशाला तसदी, म्हणून दाजींनी स्वतःच तो बदलला. कोड हजर. पुन्हा बदलला, आणि कोड आपला मुक्काम ठोकून. ठेकेदार दुसऱ्या मशीनची चौकशी करू लागला, तेव्हा कुठे वैद्याला बोलावणं गेलं.

वैद्य सकाळीच पोहोचला. मशीन उघड्यावर उभी, दव अजून वाळलं नव्हतं. इंजिन सुरू न करता त्याने फक्त चावी फिरवली आणि स्कॅनर लावला. कॉम्प्युटर म्हणत होता, तेल चांगलं कोमट आहे. वैद्याने टाकीवर तळहात ठेवला. टाकी गारठलेली. मग त्याने सेन्सरचा प्लगच उपटला. आकडा कोसळायला हवा होता. तो जागचा हलला नाही. म्हणजे सेन्सरचं कुणी ऐकतच नव्हतं. कॉम्प्युटरच्या कानाशी लागून दुसरंच कुणीतरी त्याला सांगत होतं की सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. पण तोही अगदीच खुळा नव्हता. दिवसभर राबूनही आकडा हलत नाही म्हणून त्याला संशय आला होता आणि तो बिचारा कोड दाखवून ओरडत होता.

वैद्याने सीट काढली, मागचा पत्रा काढला, वायरींच्या जुडग्यावरची टेप सोलली. आत गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर डाखलेला, सेन्सरच्या जागी कायम एकच खोटा आकडा सांगणारा. त्याच्यावर मेणाच्या दोऱ्याचे वेढे, शेवटी दुपदरी चपटी गाठ. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, दोरा सुटत नाही, असं उस्ताद शिकवीत. बाकीचे चेले टेपवरच भागवत; तशी गाठ घालणारी माणसं या धंद्यात दोनच. दुसरा तो स्वतः.

दाजी खाली उभे राहून फडक्याने हात पुसत होते. पुसायला हाताला काही लागलेलं नव्हतं. "सापडलं का रे?" त्यांनी विचारलं.

वैद्याने मशीन चालवून तेलाचं खरं तापमान मोजलं. तेल नुसतं उकळत होतं. मुख्य पंप झिजून गेलेला, तेल त्यानेच तापे. तो झाकायलाच हा सगळा खटाटोप. नवा पंप म्हणजे जवळजवळ अर्धी मशीन. त्याने दाजींना पंपाचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं नाही, आणि तिथून तडक उस्तादांची शेड गाठली.

रेझिस्टर त्याने बाकावर ठेवला. उस्तादांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. नाही म्हणायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"गाठ सैल आलीय. हात थरथरतो आता," एवढंच म्हणाले.

मग हळूहळू बोलू लागले. काम आताशा कुणी आणत नाही, दलाल खुर्ची देतो, चहा देतो, आणि बदल्यात त्यांचं नाव वापरतो. वैद्य उभाच होता.

"मशीन बघायला तू येणार हे मला ठाऊक होतं," उस्ताद म्हणाले. "म्हटलं, माझा चेला स्कॅनर लावेल, चुटकीसरशी पकडेल, सौदा मोडेल, मीही सुटेन. तू पिशवी बंद केलीस लेका."

"तुम्ही समोर बसला होतात."

"बसलो होतो."

"नुसती मान हलवली असती तरी मला कळलं असतं."

उस्ताद चष्मा काढून काचा पुसत राहिले. चेल्याने पकडावं असं त्यांना वाटत होतं हे खरं, की ऐनवेळी सुचलेलं, हे वैद्याला आजवर उमगलेलं नाही.

परत आल्यावर त्याने ताईला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की चूक माझी, मी तपासलं नाही.

"माहीत आहे. मी तिथेच उभी होते," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुला त्यांचा मान राखायचा होता, राखलास. आमचा कुणी राखायचा होता?"

दलालाने दाजींना निरोप पाठवला, तो रेझिस्टर होता तिथे पुन्हा लावा, मी गिऱ्हाईक देतो. दाजींनी निरोप्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. पुढे जे जे मशीन बघायला आले त्या प्रत्येकाला त्यांनी आपणहून पंपाचं खरं सांगितलं, म्हणून ती भंगाराच्या मोलाने गेली. दाजी जुन्या मालकाकडे परतले. तो त्यांना रोज चावीसाठी थोडा वेळ दारात उभं ठेवतो. दाजी उभे राहतात. वैद्याला ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच त्याला सोसवत नाही. आता तो कुणीही पाहिलेल्या मशीनला आधी स्कॅनर लावतो.

उस्तादांचा आणि वैद्याचा निवाडा वरचा करील, तो त्याच्यावर सोडा. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. दिवा लावून हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घेऊन होतील, तेव्हा दाजींची आठवण काढा. परक्या गिऱ्हाईकाला खरं सांगून स्वतःची मशीन त्यांनी जाऊ दिली. उद्याही ते मालकाच्या त्या दारात चावीसाठी उभे असतील.